ओल्या पंच्याची थंडी

चोपड्याहून सातपुड्याच्या दिशेने निघालं की डोंगर जवळ येतो न येतो तोच आमळवाडी लागते, आणि आमळवाडीच्या अलीकडे, केळीच्या बागांच्या मधोमध, निंबा नानांचा मळा. मळ्यात एक विहीर, एक खोली, बांधावर दोन निंबाची झाडं आणि एक खांब. खांब सरकारी. डोक्यावर वाऱ्याच्या वाट्या गरगरतायत, पाठीवर सौर पाटी, आणि आडव्या दांडीला पांढऱ्या बशा उपड्या एकावर एक रचाव्यात तसं काहीतरी लटकवलेलं. त्या बशांच्या आत हवेचं तापमान मोजायची सोय आहे, असं खांब बसवायला आलेल्या पोरांनी सांगितलं. नानांनी मान वाकडी करकरून आत डोकावून बघितलं. काही दिसलं नाही. "बरं," म्हणाले, आणि खांबाभोवतीच्या कुंपणाच्या फाटकाची किल्ली करगोट्याला बांधून टाकली.

खांबाला गावात कुणी जागा देईना. चांगली पिकाची जमीन अडवून ठेवायची, जवळपास झाड लावायचं नाही, गोठा बांधायचा नाही, असल्या अटी ऐकून लोक चहा पिऊन उठून गेले होते. नाना तेवढे एका शब्दात हो म्हणाले. म्हाताऱ्याला सरकारचा पुळका आला, असं पारावर बोललं गेलं. पुळका कसला? नानांचा मुलगा नवल पुण्याला हवामानाच्या कचेरीत होता, आणि राज्यभरातले असले खांब मला पडद्यावर दिसतात, हे त्यानेच मागे कधीतरी सांगितलं होतं. नानांनी त्याचा सरळ अर्थ लावला. खांब मळ्यात आला की मुलाला रोज मळा दिसेल. मळ्यात आपण असतोच.

बायको झुंबरबाई गेल्यापासून गावातलं घर कुलूपबंद होतं. तिथे भांडं पडलं तरी आवाज फार मोठा व्हायचा, म्हणून नाना मळ्यातल्या खोलीत राहायला आले होते. नवल फोन करायचा नाही असं नाही. सणासुदीला करायचा, पगार झाला की करायचा. पण बाप-लेकाचं बोलणं आजवर सगळं झुंबरबाईंच्या मार्फत चाललेलं. ती फोन कानाला लावून अर्धा तास गुऱ्हाळ घालायची, नाना शेजारी बसून ऐकायचे आणि मध्येच "त्याले सांग, कपाशी बरी शे" एवढं म्हणायचे. आता मधलं माणूस नाहीसं झालं आणि दोघे आमनेसामने आले. जेवलात का, गोळी घेतली का, ठेवतो. नानांनी लग्नाचा विषय काढला की नवलला नेमकी ड्युटी आठवायची. मग पुढचा सण येईपर्यंत फोन मुका. आपण होऊन फोन करावा असं नानांना कितीदा वाटे. पण तो कामात असेल, चार माणसांत बसला असेल, आणि उचलून "काय झालं?" म्हणाला तर काय सांगायचं, ह्या विचाराने हात मागे येई. काहीच झालेलं नसताना फोन करायची रीत नानांना माहीत नव्हती.

थंडीचे दिवस होते. नाना पहाटेच विहिरीवर आंघोळ करत. एके दिवशी निंबाला बांधलेली वाळवणाची दोरी तुटली, म्हणून त्यांनी फाटक उघडून पिळलेला पंचा सहज खांबाच्या आडव्या दांडीवर टाकला. दांडी हाताशी होती, वाराही चांगला लागत होता. पंचा त्या पांढऱ्या बशांवर पसरला आणि नाना चुलीकडे गेले.

चहा उकळतोय तेवढ्यात फोन वाजला. सण नाही, पगार नाही, आणि समोर नवल.

"नाना, बरा शेतस ना? आपला खांब आज एकदम सात दखाडी राह्यना! रातले घोंगडी लिधी व्हती ना?"

"लिधी रे भाऊ," नाना म्हणाले. "थंडी ते शेच."

आणि त्या दिवशी नवल बोलला. म्हणजे किती बोलला! तिकडे दूर पश्चिमेकडून वादळी हवेची एक रांग हिमालयावर येऊन आदळते, बर्फ पाडते आणि पुढे सरकते. तिच्या पाठोपाठ उत्तरेचा कोरडा गार वारा सुटतो आणि दोन-तीन दिवसांत आपल्या खानदेशात उतरतो. त्यातून आभाळ निरभ्र असलं की झालंच. ढग म्हणजे जमिनीची गोधडी. ती नसली की दिवसा तापलेली जमीन रात्रभर आपली ऊब वर सोडत बसते. आणि गार हवा जड, ती सातपुड्याच्या उतारावरून घरंगळत पायथ्याच्या मळ्यांत येऊन साचते. असं सगळं तो सांगत गेला. नानांना निम्मं कळलं, निम्मं नाही. पण मुलाच्या आवाजाला धार आली होती, तो हसत होता, मधूनच लहानपणी आगटीपाशी बसायचा ती आठवण काढत होता. चहा उतू गेला. नानांनी तो उतू जाऊ दिला.

दुसऱ्या दिवशी नाना फोन खिशात घेऊनच फिरले. नवी दोरी बांधली होती, पंचा निंबावर वाळत होता, आणि फोन काही वाजला नाही. तिसऱ्या दिवशी दोरी तशीच असताना नानांनी पंचा खांबावर टाकला. का टाकला, हे त्यांनी स्वतःलाही धड सांगितलं नाही. सूर्य वर यायच्या आत नवलचा फोन आला.

नाना शिकलेले नसतील, पण बावळट नव्हते. उन्हाळ्यात माठाला ओलं गोणपाट गुंडाळलं की पाणी गार होतं, हे खानदेशात जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वारा ओल उडवून नेतो आणि जाताना गोणपाटातली ऊब घेऊन जातो. बशांमधलं यंत्र बिचारं पंच्याला लागलेली थंडी गावाची थंडी म्हणून पुण्याला कळवत होतं. नानांना हे उमजलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा हसू आलं, मग जरा लाज वाटली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पंचा नीट भिजवून, बशांभोवती घट्ट गुंडाळून, नाडीने बांधला.

नवलचा आवाज हवा होता, आणि तो यायचा हा एकच रस्ता सापडला होता. त्यापुढे नानांना दुसरं काही दिसेना. रोज पहाटे ते पंचा बांधत, उजाडून ऊन पडलं की सोडत, आणि मधल्या वेळेत चुलीपाशी फोन मांडीवर घेऊन बसत. नवलचे फोन येऊ लागले. कधी तो थंडीचं विचारी, कधी विचारायचं विसरूनही जाई. धुळ्याच्या शेतकी कॉलेजात असताना खोलीवर रॉकेलचा स्टोव्ह कसा भडकला होता ते त्याने सांगितलं. पुण्यात पोळीभाजी देणारी बाई दोन दिवस आली नाही हे सांगितलं. एकदा म्हणाला, "आई असती तर म्हणली असती, सात काय आनि सत्तर काय, पोरगा उपाशी शे का ते सांग." दोघेही हसले, आणि मग एकदम दोघांचंही हसू थांबलं.  बायको गेल्यानंतर तिचं नाव मुलाच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

इकडे गावात मात्र भलतंच सुरू झालं. खानदेशात थंडी म्हटली की धुळ्याचं नाव निघायचं. थंडीत पेपरात आकडा छापून येतो तो धुळ्याचा. आणि आता आमळवाडी धुळ्याच्याही खाली! खांबाचा आकडा आता ज्याच्या त्याच्या मोबाइलवर दिसत होता. लोक सकाळी उठून तो एकमेकांना पाठवू लागले, पाहुण्यांना फोन करून सांगू लागले. पारावर मफलर गुंडाळून बसलेल्यांचा रुबाब असा, की ही थंडी आम्ही घरी पाळलीय. ज्यांना काल घाम येत होता तेही कुडकुडू लागले.

थंडीची चैन वाटत नव्हती ती फक्त भाईदासला. त्याची केळीची बाग नानांच्या बांधाला लागून. केळीला थंडी सोसत नाही. पारा फार उतरला की पानं पिवळी पडतात, घड बुंध्यातच अडकून राहतो, वर्षाची मेहनत जाते. म्हणून अशा दिवसांत पहाटे बागेला पाणी सोडायचं आणि बांधाबांधाने पालापाचोळा पेटवून धूर करायचा. भाईदास रोज तेच करत होता. जिल्ह्याच्या हवामान पत्रिकेत किमान तापमान अकराच्या आसपास राहील, काळजीचं कारण नाही, असं लिहून येत होतं. पण भाईदास म्हणे, जळगावला बसून लिहिणाऱ्याला माझी बाग काय दिसते? माझ्या बांधावरचा खांब सात दाखवतोय तो खरा.

एका सकाळी नाना पंचा सोडून फाटकाला कुलूप लावत होते आणि भाईदास बांधावरून आला. डोळे धुराने लाल, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि खोकला असा की त्याला बोलायला बांधावर बसावं लागलं.

"तुमना खांब नसता ते मना बाग गया व्हता, नाना," तो म्हणाला, आणि त्याने खांबाकडे बघून खरोखर हात जोडले.

ओला पंचा नानांच्या काखेत होता. त्याचं पाणी सदऱ्यातून पोटावर उतरत होतं.  भाईदास खोकत खोकत निघून गेला, आणि नानांनी त्या दिवशी भाकरीचं ताट तसंच झाकून ठेवलं. त्यांनी कुणाचं काही चोरलं नव्हतं, कुणाला शिवी दिली नव्हती. मुलाशी चार शब्द बोलायला मिळावेत एवढ्याचसाठी केलं होतं. पण शेजारचा माणूस त्यांच्या पंच्यापायी थंडगार पाण्यात उभा राहून धूर खात होता, आणि वर हात जोडत होता. आकडा सुधारायचा म्हणजे फोन बंद होणार. नाना दिवसभर मळ्यात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिले. दिवस कलला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आपण होऊन मुलाला फोन लावला.

"काय झालं, नाना?" नवलने घाबरून विचारलं. अगदी तेच, ज्याला ते इतके दिवस भीत होते.

"नवल, आठे थंडी नही शे रे," नाना म्हणाले. "त्या खांबले मी वला पंचा बांधस. रोज."



"माले माहीत शे, नाना."

"कव्हयपाईन?"

"तिसरा दिनपाईन."

मग नवलने शांतपणे सांगितलं. रागावलेला माणूस सांगतो तसं नाही, आणि फोनवर रोज हसायचा तसंही नाही. खांब एकटा नसतो. त्याच्या आजूबाजूला दुसरे खांब असतात, अडावदला, यावलला, शिरपूरला. थंडी आली तर ती सगळ्यांवर येते, कुठे थोडी कमी, कुठे थोडी जास्त. बाकीचे अकरा-बारा म्हणत असताना एकटा आमळवाडीचा सात म्हणाला, तेव्हाच शंका आली. त्यात खरी थंडी रात्रभर हळूहळू उतरते आणि उजाडायच्या सुमारास तळाला जाते. इथली पहाटे एकदम खाली पडत होती आणि ऊन आलं की एकदम वर उडी मारत होती. आणि सगळ्यात मोठी चुगली हवेतल्या ओलीने केली. त्याच बशांमध्ये ओल मोजायचीही सोय होती. आजूबाजूची हवा कोरडी ठाक, आणि त्या बशांच्या आत मात्र पाऊस पडून गेल्यासारखी ओल.

"मी लागलीच तो आकडा बाजूले काढी टाका," नवल म्हणाला. म्हणूनच जळगावच्या पत्रिकेत खरा अंदाज जात होता. मग नानांनी भाईदासच्या धुराचं सांगितलं. कच्चा आकडा लोकांच्या मोबाइलवर तसाच दिसत राहिला, आणि भाईदाससारखं कुणी त्यावर विसंबेल हे नवलच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मंग त्या दिनसनं काय व्हई?" नानांनी विचारलं.

त्या दिवसांची जागा कोरी राहील, नवल म्हणाला. एका दिवसाची हवा कुणालाही अंगाला कळते. पण हिवाळे आखूड होतायत का, गारा भलत्याच महिन्यात पडू लागल्या का, हे एका माणसाच्या अंगाला कळत नाही. त्याला वर्षानुवर्षांचे आकडे लागतात, ओळीने मांडलेले. पुढे कधीतरी कुणी पोरगं ते काढून बघेल, आणि त्यात खोटा आकडा असण्यापेक्षा रिकामी जागा बरी. नानांच्या मनात आलं, ज्या दिवसांत नवल रोज बोलला, तेवढेच दिवस नेमके कोरे. ते त्यांना फार लागलं. पण त्यांनी दुसरंच विचारलं.

"तुले माहीत व्हतं, मंग तू फोन काबर करे?"



"सांगी टाकतु ते तुम्ही बंद करी देतात," तो म्हणाला. "मंग मी काय म्हनीसन फोन करतु, नाना?"

  भाईदासला मी फोन करून सांगतो, असं तो म्हणाला. नको, नाना म्हणाले, पंचा माझा होता.

भाईदासला सांगणं मुलाला सांगण्यापेक्षा जड गेलं. तो खाटेवर बसून काढा पीत होता. सगळं ऐकून त्याने पेला खाली ठेवला. नानांना वाटलं, आता तो धुराचं काढेल, पाण्याचं काढेल, गावभर होणाऱ्या हशाचं काढेल. त्यातलं त्याने काहीच काढलं नाही.

"फोनकरता?" तो म्हणाला. "बोलाकरता? मंग मी काय मरी गयथू का आठे? बांधले बांध शे आपला!"

आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. नाना दारात उभे राहिले. इतक्या वर्षांत आपण ह्या माणसाकडे पाण्याच्या पाळीशिवाय दुसऱ्या कशासाठी आलोच नाही, हे त्यांना तिथे उभं असताना कळलं. आता म्हणून काय उपयोग होता? ते परत फिरले.

दुसऱ्या दिवसापासून पंचा दोरीवर वाळू लागला आणि खांब अकरा, बारा, तेरा असं सरळ सांगू लागला. गोष्ट गावभर झाली आणि गावाची थंडी एका दिवसात ओसरली. पारावर नानांना बघून कुणी कुणी पंचा झटकल्याची नक्कल करू लागले, म्हणून नानांनी पारावरून जायचं सोडलं. भाईदासचा खोकला गेला, पण बांधावर समोरासमोर आला तरी तो मान खाली घालून कुदळ चालवी. आणि नवलचा फोन आला नाही. त्याला काय म्हणून येणार? थंडी नव्हती, गारा नव्हत्या, सण नव्हता. आता तर लपवाछपवीसुद्धा उरली नव्हती. दोघांनी एकमेकांना ओळखलं होतं आणि त्याचंच अवघडलेपण आलं होतं. नाना पहाटे उठत, आंघोळ करत, चहा करत. फोन मांडीवर घेऊन बसायची सवय मात्र सुटली नाही.

थंडी संपली. ऊन अजून तापायला लागलं नव्हतं. खानदेशात असे थोडेच दिवस मिळतात, ज्यांबद्दल कुणाला काही तक्रार नसते आणि म्हणून कुणी काही बोलतही नाही. अशाच एका दुपारी नाना खाटेवर आडवे झाले होते आणि फोन वाजला. नाव बघून ते ताडकन उठून बसले.

"काय येई राह्यनं?" त्यांनी फोन कानाला लावताच विचारलं. "गारा का?"

"काही नही, नाना. हवा बठ्ठी चांगली शे."

"मंग?"

"काही नही. असाच फोन कया."

 इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो फोन हाच होता. आणि तो आला तर त्यात बोलायचं काय, हे त्यांना माहीत नव्हतं. पलीकडे नवलही गप्प होता. त्यालाही माहीत नसावं. जेवण, गोळी, सगळं विचारून झालं असतं तर तो फोन ठेवून मोकळा झाला असता. पण आज तो तेही विचारत नव्हता. नानांनी इकडे तिकडे बघितलं. विहीर होती तिथेच होती. भाईदासच्या बागेतून कुदळीचा आवाज येत होता, आणि भाईदासबद्दल काय सांगायचं? आता हा "ठेवतो" म्हणेल, ह्या भीतीपोटी जे तोंडात आलं ते त्यांनी विचारून टाकलं.

"तठे हवा कशी शे?"

मुलगा हवामानाच्या कचेरीत लागून इतकी वर्षं झाली, पण हे त्याला त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"पुण्यात?" नवल अडखळला. सकाळपासून त्याने सगळ्या महाराष्ट्राची हवा बघितली होती. "थांबा. दखस."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कुठली तरी घट्ट बसलेली खिडकी दोन-तीनदा हिसडून उघडली. एकदम रस्त्याचा गलका नानांच्या कानात शिरला, गाड्या, कुणाची तरी हाक, लांबवर कुत्रं. नवल त्या गलक्यात उभा होता. त्याने एवढ्यात खिडकी उघडलेली नव्हती, हे नानांना त्या आवाजावरून कळलं.

"ऊन शे, नाना," थोड्या वेळाने तो म्हणाला.  "चांगलं ऊन शे. माले माहीतच नव्हतं."

"मंग उभा ऱ्हाय जराखा," नाना म्हणाले.

नवल उभा राहिला. नाना खाटेवर बसून राहिले. मग बराच वेळ दोघेही काही बोलले नाहीत, आणि फोनही कुणी ठेवला नाही.